आमच्या गणेशोत्सव मंडळाला खुले पत्र: 'हॅन्कॉक'चं नाव यादीतून का कापलं?

प्रति,
अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमच्या लेआउटचे सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, नागपूर

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी समाजभवनात आपली बैठक झाली. मुलांच्या कार्यक्रमांची यादी मी वाचून दाखवली. चित्रकला, श्लोकपाठांतर, लेझीम, अंताक्षरी, सगळं बिनविरोध मंजूर झालं. मग सातव्या दिवशीच्या सिनेमाचं, हॉलीवूडच्या एका सुपरहिरोपटाचं, नाव वाचलं, आणि पाच मिनिटांच्या आत ते कापलं गेलं. 'हॅन्कॉक'. नोंदवहीत कारण लिहिलं आहे: "नायक दारू पितो, शिव्या देतो, मुलांवर चुकीचे संस्कार होतील." मी तिथे गप्प बसलो, घरी आल्यावर मात्र राहवेना. म्हणून हे पत्र. ते खुलं लिहितो आहे, कारण मंडळाच्या फाइलमध्ये गेलेल्या पत्राचं काय होतं ते मला वीस वर्षं सदस्य राहून ठाऊक आहे. शिवाय नागपुरात गल्लोगल्ली मंडळं आहेत आणि जे आपल्याकडे घडलं ते त्यांच्याकडेही घडत असणार.

आधी आपल्या आक्षेपातलं खरं ते मान्य करतो. सिनेमात शिव्या आहेत. तुरुंगातला एक प्रसंग निव्वळ ओंगळ आहे, तो नसता तर सिनेमाचं काही अडलं नसतं. अमेरिकेत त्याला 'पीजी-१३' दाखला मिळाला, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या आईवडिलांना सावध राहायला सांगितलं आहे. म्हणूनच माझ्या प्रस्तावात आठवीपासून पुढची मुलं, तीही आईवडिलांसोबत, असं स्पष्ट लिहिलं होतं. सार्वजनिक ठिकाणी सिनेमा दाखवायचा तर हक्क असणाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, ती काढायची जबाबदारीही मी घेतली होती. तेव्हा लहान मुलांना काय दाखवू नये यावर आपलं भांडण नाहीच. बैठकीत तीनदा विचारला गेलेला प्रश्न वेगळाच होता: "असा माणूस नायक कसा होईल?" आणि हे विचारताना कुणाच्याही डोळ्यांसमोर सिनेमातलं लॉस एंजेलिस शहर नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आपली मागची भिंत होती.

भिंतीवर येतोच. आधी सिनेमा, कारण कापणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो पाहिलेला नाही.

हा सिनेमा जुलै २००८ मध्ये आला. दिग्दर्शक पीटर बर्ग, नायक विल स्मिथ. गोष्ट मुळात व्हिन्सेंट न्गो यांनी १९९६ मध्ये लिहिली होती. ती बरीच वर्षं या हातातून त्या हातात फिरली, पुढे व्हिन्स गिलिगन यांनी तिच्यावर काम केलं, आणि बारा वर्षांनी ती पडद्यावर आली. एवढी वर्षं का लागली असतील याची मी कल्पना करू शकतो. ज्याला बघून लोक टाळ्या वाजवतात अशा नायकावर पैसे लावायला कुणीही तयार होतं. ज्याला बघून लोक तोंड फिरवतात त्याच्यावर पैसे लावायला छाती लागते.

सुरुवातीलाच हॅन्कॉक रस्त्याकडेच्या बाकावर नशेत पडलेला आहे. एक लहानसा मुलगा त्याला हलवून उठवतो आणि गुंड पळून चाललेत म्हणून सांगतो. तो शिवी हासडून उठतो, बाटलीसकट उडतो, गुंडांची गाडी धरतो आणि नेऊन एका उंच गोल इमारतीच्या टोकाला खुपसून ठेवतो. गुंड सापडले, पण शहराचं नव्वद लाख डॉलरचं नुकसान झालं. टीव्हीवर त्याची छी:थू सुरू होते. हा माणूस बंदुकीच्या गोळीने मरत नाही, वय वाढत नाही, आगगाडी अंगावर घेतो. पण त्याला स्वतःचं नावसुद्धा माहीत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी मायामीच्या इस्पितळात तो शुद्धीवर आला तेव्हा कवटी फुटलेली होती आणि मागचं काही आठवत नव्हतं. त्याला ओळखणारं कुणीही विचारपूस करायला आलं नाही. सही करायला सांगताना नर्सने 'जॉन हॅन्कॉक' म्हटलं. तिकडे सहीला बोलीत तसंच म्हणतात. यानं ते आपलं नाव समजून घेतलं. हा प्रसंग तो जेवणाच्या टेबलावर अगदी सहज सांगतो. मी तीनदा पाहिला आहे, आणि दर वेळी मला तिथे थांबावंसं वाटतं. मी किती वाईट माणूस असेन, की मला शोधायला एकही जण आला नाही, असं तो विचारतो. दारूचं कारण सिनेमाने तिथे सांगून टाकलं आहे.

पण मला आपलं लक्ष वेधायचं आहे ते रेल्वे फाटकावर. रे नावाच्या माणसाची गाडी वाहनांच्या गर्दीत रुळांवर अडकते, समोरून मालगाडी येते. हॅन्कॉक त्याची गाडी उचलून बाजूला फेकतो, ती दुसऱ्या गाडीवर आदळते, आणि तो स्वतः रुळांवर उभा राहतो. इंजिनाचा चेंदामेंदा होतो, डबे घसरतात. रे जिवंत आहे. आणि जमलेली गर्दी काय करते? त्याच्यावर तुटून पडते. गाडी सरळ वर उचलायची होती ना, असं एक बाई म्हणते. मग तो तिला घाणेरडं बोलतो, गर्दी आणखी चिडते. रे मध्ये पडतो आणि ओरडून सांगतो, की मी वाचलो, मी आज माझ्या घरी जाणार आहे, तुझे आभार. पूर्ण गर्दीत ते म्हणणारा तो एकटा. आणि तो त्याला घरी जेवायला नेतो.

सिनेमा इथून वळतो. पुढे जे काही चांगलं घडतं ते या एका जेवणाच्या आमंत्रणातून घडतं. रेचा सल्ला असा, की तू झालेल्या नुकसानीची जबाबदारी घे आणि तुरुंगात जा. ज्याला जगातली कुठलीही भिंत अडवू शकत नाही तो माणूस आपल्या पायांनी तुरुंगात जातो. कैद्यांच्या गटात बसतो, बोलायची पाळी आली की पुढच्याकडे ढकलतो, आणि तरी रोज येऊन बसतो. हे शिक्षेपासून सुटणं आहे का? सचिव महोदय, आपण म्हणालात की सिनेमा दारूड्याला डोक्यावर घेतो. सिनेमात तो दारू सोडतो, माफी मागतो, शिक्षा भोगतो. बाहेर आल्यावर बँकेसमोरच्या गोळीबारात जखमी पडलेल्या महिला पोलिसाला उचलण्याआधी, तुमच्या अंगाला हात लावू का, म्हणून परवानगी विचारतो. आणि आजूबाजूच्या पोलिसांना एकेकाला सांगतो, "छान काम केलंत." हे शब्द त्याच्या तोंडात बसत नाहीत, पाठ केल्यासारखे येतात. ते कुणी कधी त्याला म्हटलेलेच नव्हते. आठवीच्या मुलाने हे पाहिलं तर त्याच्यावर कोणते वाईट संस्कार होतील, हे मला खरंच समजावून सांगा.

उत्तरार्धाबद्दल मी वकिली करणार नाही. रेची बायको मेरी हीसुद्धा हॅन्कॉकसारखीच अमर आहे, दोघं हजारो वर्षांचे जोडीदार आहेत, जवळ आले की दोघांची शक्ती जाते, असा सगळा पसारा तिथे घाईघाईत मांडला आहे. तो मला पटला नाही. एवढंच घेण्यासारखं, की तिचा जीव वाचावा म्हणून तो तिच्यापासून शक्य तितक्या लांब निघून जातो.

आता भिंत.

२०२३ चा गणेशोत्सव. १९ सप्टेंबरला आपण स्थापना केली. २२ च्या रात्री आरती झाली, प्रसाद वाटला, दिवे मालवले. मध्यरात्रीनंतर पाऊस लागला आणि चार-एक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात गेली, मोरभवन बसस्थानकात एसटी बुडाल्या, मूकबधिर शाळेतल्या मुलांना बाहेर काढावं लागलं, लष्कराला पाचारण झालं. हे सगळं महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. आपली गल्ली त्या बातम्यांत आली नाही, कारण आपण त्या पाण्याच्या शेपटाला होतो. पण पाणी आपल्याकडेही आलं आणि जायला त्याला वाट नव्हती. वरच्या रस्त्याकडून येत होतं आणि गल्लीच्या टोकाच्या नऊ इंची भिंतीशी तुंबत होतं. भिंतीपलीकडचं मैदान आपल्यापेक्षा दोन-अडीच फूट खाली आहे, हे त्या रात्री कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पाणी घरात शिरल्याचा आवाज आला नाही. अंधारात फ्रिज हलल्याचा आवाज आला, तेव्हा मला जाग आली. आई दिवाणावर. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले होते, वॉकरशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं. आमचा जिना बाहेरून आहे. दार उघडलं तर अंगणात माझ्या छातीपर्यंत पाणी. मी आईचे दोन्ही हात धरून उभा राहिलो आणि मला पुढे काहीही सुचेना.

तेव्हा भिंतीवर घणाचे घाव पडायला लागले.

तो कोण ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. मागच्या वस्तीतला वेल्डर, जो बारा वर्षं आपल्या मांडवाचा सांगाडा जोडून देत होता. त्या रात्री तो प्यायलेला होता. याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, कारण थोड्या वेळाने माझं तोंड त्याच्या खांद्याजवळ होतं. त्याने भिंत मधोमध फोडली. आधी एक खिंडार पडलं, मग पाण्याच्या लोंढ्याने आजूबाजूची चाळीस फूट भिंत ओढून नेली. मूर्ती पोरांनी आधीच वरच्या मजल्यावर हलवली होती. पण मांडवाचे बांबू, पडदे, दोन साउंड बॉक्स आणि भिंतीलगत लावलेल्या दोन स्कूटर मैदानात वाहून गेल्या. आणि आमच्या अंगणातलं पाणी माझ्या छातीवरून कमरेवर आलं, मग मांडीवर.

तो सरळ घरात शिरला. आईला म्हणाला, "माय, गळ्याले पकड मले, घट्ट." तिला पाठुंगळी घेतली. निघताना तिचा पदर खिडकीच्या ग्रीलमध्ये अडकला. सोडवत बसायला वेळ नव्हता, त्याने तो हिसका देऊन फाडला. मी तसाच उभा होतो. त्यावर तो माझ्यावर ओरडला, "ए मास्तर, बघून काय राहिला बे? पाय धर ना तिचे!" मधले काही शब्द मी गाळले आहेत. मी आईचे पाय धरले आणि त्याला म्हणालो, "हळू रे, तिला लागेल."

त्या रात्री मी त्याच्याशी एवढंच बोललो. आभाराचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तेव्हा नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

पहाटेपर्यंत त्याने आपल्या गल्लीतून अकरा माणसं वर चढवली. शेवटच्या घरातल्या आबांना तर त्यांच्याच खुर्चीत बसवून, दोन पोरांना हाताशी घेऊन. मी नंतर घराघरांत जाऊन मोजलं म्हणून हा आकडा सांगू शकतो. त्या अकरांपैकी चार जण आजच्या कार्यकारिणीचे आईवडील आहेत.

सकाळी चिखल उपसताना मला पहिलं वाक्य ऐकू आलं ते हे: "भिंत कोणी पाडली?" दुसरं: "अहो, कोपऱ्यातून चार विटा काढल्या असत्या तरी पाणी गेलं असतं." फाटकावरची बाई म्हणते तेच. सरळ वर उचलायची होती. मी हा सिनेमा त्यानंतर दोन महिन्यांनी पाहिला आणि त्या प्रसंगाला माझा श्वास अडकला, तो याच कारणाने. मी त्या गर्दीत उभा होतो. मी वेगळं काही म्हणालो नव्हतो.

मग आठवडाभर पंचनाम्यांची धावपळ, शासनाच्या मदतीसाठी कागद, बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्स. त्यानंतरच्या आपल्या बैठकीत भिंतीचा आणि मांडवाचा खर्च निघाला. त्याला बोलावलं गेलं, उभं ठेवलं गेलं आणि पैसे कधी देणार असं विचारलं गेलं. त्याने शिव्या दिल्या. त्या फार वाईट होत्या, समोर बायका बसल्या होत्या, आणि मला त्यांचं समर्थन करायचं नाही. पण आपण एकदाही वेगळ्या सुराने सुरुवात केली नाही हेही नोंदवहीत असायला हवं होतं. ते नाही. तिथे फक्त "असभ्य वर्तन" आहे, आणि हिशेबाच्या वहीत त्याच्या नावापुढे "वसुली बाकी". ती ओळ दर वर्षी पुढच्या पानावर उतरते. त्या वर्षापासून मांडवाचं काम दुसऱ्याला जातं.

आपल्या शहराला एक जुनी सवय आहे आणि ती मला मनापासून आवडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, बडगे असे मोठाले पुतळे मिरवणुकीने निघतात, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. १८८० च्या दशकापासून हे चालू आहे. वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे, मी माझ्या मुलाला नेलं. "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडताना वर्षभराची मळमळ बाहेर पडते. त्या वर्षी मिरवणूक पुराच्या आठवडाभर आधी झाली होती. पण मारबत कागदाची आणि बांबूची असते. सगळी इडा पीडा तिच्या माथी मारून गावाबाहेर नेऊन जाळली तरी तिला काही होत नाही. आपण त्या वेल्डरच्या बाबतीत तेच केलं. पाऊस, तलाव, चुकीच्या जागी बांधलेली भिंत, बंद नाल्या, आपली झोप, सगळं त्याच्या एका घणाच्या नावावर टाकून मोकळे झालो. सिनेमातलं शहरही हॅन्कॉकला तुरुंगात पाठवताना असंच सुटल्यासारखं वागतं.

बैठकीत एका ज्येष्ठ सदस्याने गाडगेबाबांचं नाव घेतलं. ही त्यांची भूमी आहे, इथे दारूड्याचा सिनेमा नको. काका, आपल्याबद्दल मला आदर आहे, म्हणून नम्रपणे सांगतो. बाबा कीर्तनातून दारूवर कोरडे ओढायचे हे खरंच. पण ज्या गावात ते कीर्तन करायचे, त्या गावाचा रस्ता दिवसा स्वतः खराट्याने झाडायचे. त्या गावात पिणारे राहत होते म्हणून ते वेशीवरून परत फिरले नाहीत. आणि आपण सिनेमा ज्या मूर्तीसमोर लावणार आहोत, तिची कथा तरी काय सांगते? बापाने रागाच्या भरात पोराचं डोकं उडवलं, मग चूक उमगली, मग ती निस्तरली. ही गोष्ट आपण बालवाडीतल्या मुलांना सांगतो आणि वाईट संस्कारांची भीती कुणाला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मनात सलते. या सिनेमाला सुमारे १५ कोटी डॉलर खर्च आला आणि जगभर त्याने ६२ कोटींहून अधिक कमावले. समीक्षकांचं मत संमिश्र होतं, लोकांनी मात्र गर्दी केली. म्हणजे अंधारात खुर्चीवर बसलेल्या माणसाला हा बेवडा, तिरसट, सगळ्यांना नकोसा झालेला नायक आवडतो. त्याची बाजू कळते. कारण मोडलेल्या इमारतीचं बिल खुर्चीवर बसलेल्याला येत नाही. आपल्याला आलं. पासष्ट हजारांचं बिल आलं आणि आपल्याला बाजू कळेनाशी झाली. मुलांना हा सिनेमा मी याचसाठी दाखवू पाहतो. नायकाकडे त्यांनी बघावंच, पण मला त्यांना फाटकावरच्या गर्दीचे चेहरे दाखवायचे आहेत. आपण त्या गर्दीत कुठे उभे असतो हे चौदाव्या वर्षी कळलं, तर ते माझ्यासारखं त्रेपन्नाव्या वर्षी कळण्यापेक्षा बरं.

आपल्या वेल्डरच्या घरच्यांचं एक सांगितलं पाहिजे. त्याच्या दारूपायी त्याच्या बायकोने जे सोसलं ते आपण पाहिलं आहे आणि त्याबद्दल त्याला माफ करायचा अधिकार माझ्याकडे नाही, आपल्याकडेही नाही. ते खातं तिचं. आपल्या खात्यावर आपली अकरा माणसं आहेत.

गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. आईने पाठवलं असं सांगितलं. तिने पाठवलं हे खरं होतं, पण ती दोन वर्षांपासून पाठवत होती. त्याला जेवायला या म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "कायले, मास्तर?" मी म्हटलं, त्या रात्रीचं राहून गेलं होतं. तो आला. त्याची दारू सुटली असं मला लिहिता येत नाही. त्या दिवशी तो पिऊन आला नव्हता, एवढंच मला माहीत. चप्पल पार फाटकाबाहेर काढून आला. सोफ्यावर बसला नाही, आईजवळ स्टूल ओढून बसला. तिने वांग्याची भाजी, भाकर आणि पातोड्यांचा रस्सा केला होता. फाटक्या पदराची ती साडी तिने जपून ठेवली आहे, ती काढून दाखवली, तर तो लाजला. आई त्याला म्हणाली, "तू होतास म्हणून मी हे वाढते आहे." त्याने मान खाली घालून दोन घास खाल्ले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "नवी भिंत बांधली ना तुमी लोकायनं? पाणी जाले जागा ठेवली का?"

मला उत्तर देता आलं नाही. तो गेल्यावर मी टॉर्च घेऊन गल्लीच्या टोकाला गेलो आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली वाकून पाहिलं. जागा ठेवलेली नाही. आपण पासष्ट हजार खर्चून तीच भिंत, त्याच जागी, आधीपेक्षा दीड फूट उंच बांधली आहे आणि तिला तळाशी एक भोक नाही. त्या पैशांच्या वसुलीवर आपण तीन बैठका घेतल्या. पाणी कुठून जाईल हे एकाही बैठकीत निघालं नाही. ज्याला आपण उभं करून जाब विचारला, त्याच्या मात्र ते डोक्यात होतं.

तेव्हा माझी मागणी अशी. येत्या रविवारी कार्यकारिणीची विशेष बैठक घ्यावी. 'हॅन्कॉक'वर पुन्हा विचार व्हावा, आणि त्याआधी सर्वांनी तो एकदा पाहावा. माझ्या घरी शनिवारी रात्री आठला लावतो, चहा-पोहे आमच्याकडे. हिशेबाच्या वहीतली "वसुली बाकी" ही ओळ ठराव करून रद्द करावी, आणि तो ठराव त्याला नेऊन द्यायला अध्यक्षांनी स्वतः यावं, मी सोबत असेन.

आणि भिंत पावसाआधी तळाशी तीन ठिकाणी फोडून तिथे वर उचलता येणारी लोखंडी जाळीची फाटकं बसवावीत. त्याने जागेवर येऊन माप घेतलं आहे. मजुरी धरून बावीस हजार सांगितले आहेत. घासाघीस करू नये ही विनंती.

आपला,
मुलांच्या कार्यक्रमांचा प्रमुख,
शेवटून तिसरं घर